डोमेनची फी ठरवतं कोण, आणि नावावर ताबा कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्थेचं डॉट ऑर्ग आणि दुकानाचं डॉट कॉम, दोन्ही नावं वेबसाइट बनवणाऱ्याने घेऊन दिली. पहिल्या वर्षी दोनशे रुपयांत काम झालं, आता रिन्यूअलला प्रत्येकी पंधराशे मागतो आहे. ही फी ठरवतं कोण, तिला काही मर्यादा आहे का, आणि नाव आमचं की त्याचं?

आधी बिल फोडून बघू. डॉट कॉमची मूळ नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, व्हेरीसाइन ही अमेरिकन कंपनी चालवते. १ सप्टेंबर २०२४ पासून तिचा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर आहे. त्यावर आयकॅन या डोमेनव्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेची फी २० सेंट. जून २०२५ पर्यंत ती १८ सेंट होती. झाले १०.४६ डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरले तर साधारण ८९० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजार-साडेदहाशेच्या घरात. याच्या खाली रिन्यूअल विकणारा रजिस्ट्रार, म्हणजे किरकोळीत नावं विकणारी कंपनी, पदरचे पैसे घालतो आहे. पहिल्या वर्षीचे दोनशे रुपये हा तसाच तोट्यातला सौदा होता. वसुली दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. त्यामुळे पंधराशे रुपये ही लूट नव्हे. तीन-चार हजार मागितले असते तर वेगळं बोललो असतो.

आता यातला कोणता भाग तुमच्या हातात आहे? रजिस्ट्रार बदलता येतो, मधला रिसेलर, म्हणजे रजिस्ट्रारकडून घेऊन पुढे विकणारा, गाळता येतो. रजिस्ट्री बदलता येत नाही. डॉट कॉम नाव घेतलं की त्याची नोंद एकाच ठिकाणी राहते, आणि तो दर स्पर्धेने ठरत नाही, करारातल्या कलमाने ठरतो. फीवरचा तीस वर्षांचा सगळा वाद या एका मुद्द्याभोवती फिरतो आहे.

१९९५ पर्यंत नाव फुकट मिळायचं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९३ पासून नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीला नोंदणीचं काम दिलं होतं आणि खर्च सरकार उचलत होतं. नोंदणीचा ओघ वाढला तसा सरकारने हात आखडता घेतला. १४ सप्टेंबर १९९५ पासून फी लागू झाली: पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर, पुढे वर्षाला ५० डॉलर. यातले ३० टक्के इंटरनेटच्या पायाभूत कामांसाठी एका निधीत जायचे. लोक कोर्टात गेले. १९९८ मध्ये कोर्टाने म्हटलं की हे ३० टक्के म्हणजे संसदेच्या मंजुरीविना लावलेला कर आहे. मग अमेरिकी संसदेनेच, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, कायदा करून तो मागाहून मंजूर केला! तोवर १ एप्रिल १९९८ पासून निधीचा हिस्सा वगळून फी दोन वर्षांना ७० डॉलरवर आलेली होती.

त्याच वर्षी ताब्याचा प्रश्नही ऐरणीवर आला. जॉन पोस्टेल हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेत बसून वर्षानुवर्षं नावांची आणि संगणकांच्या पत्त्यांच्या आकड्यांची वाटणी सांभाळत होते. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी आठ रूट सर्व्हर (डॉट कॉम, डॉट इन अशा शेवटांची मूळ यादी ठेवणारे सर्व्हर) चालवणाऱ्यांना ईमेल केली, की मूळ यादी नेटवर्क सोल्युशन्सकडून न घेता माझ्याकडून घ्या. त्यांनी ती घेतलीही. व्हाइट हाउसकडून दबाव आल्यावर हा प्रकार मागे घेतला गेला आणि त्याला ‘चाचणी’ म्हटलं गेलं. पण रूटची चावी कोणाकडे, याचं लेखी उत्तर कुठेच नव्हतं हे सगळ्यांना दिसलं. सप्टेंबरअखेर कॅलिफोर्नियात आयकॅन ही ना-नफा संस्था नोंदली गेली. पोस्टेल ऑक्टोबरमध्ये वारले. अमेरिकी सरकारने रूटवरची आपली देखरेख सोडली ती थेट १ ऑक्टोबर २०१६ रोजी.

आयकॅनने एक काम चोख केलं: १९९९ मध्ये किरकोळ विक्री वेगळी काढली. पाच रजिस्ट्रारांपासून सुरुवात झाली, आज ते शेकड्यांनी आहेत. घाऊक दर आधी ९ आणि लवकरच ६ डॉलर झाला. किरकोळीत स्पर्धा आली आणि ३५ डॉलरचं नाव दहाच्या आसपास मिळू लागलं. घाऊक बाजू मात्र एकाच हातात राहिली: आधी नेटवर्क सोल्युशन्स, पुढे तिच्या जागी व्हेरीसाइन. रजिस्ट्री करार संपला की निविदा निघत नाही. मोठी चूक केली नसेल तर त्याच कंपनीला नूतनीकरण मिळतं, असं करारातच लिहून ठेवलं आहे. खरी मेख इथे आहे.

निविदा काढली की काय होतं याची उदाहरणं हाताशी आहेत. २००५ मध्ये डॉट नेटसाठी निविदा निघाली. व्हेरीसाइनच जिंकली, पण ६ डॉलरचा दर आयकॅनच्या ७५ सेंट धरून ४.२५ डॉलरवर आला. पुढे तीच निविदापद्धत सोडून दिली, वर्षाला १० टक्के वाढीची मुभा दिली आणि आज डॉट नेट घाऊकीत डॉट कॉमपेक्षा महाग आहे. आपल्या डॉट इनचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. हा विभाग, म्हणजे नावाच्या शेवटचा हा हिस्सा, १९८९ पासून आहे. सुरुवातीला मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेमधून त्याचा कारभार चालायचा, नियम कडक आणि नावं मोजकी. २००५ पासून निक्सी या सरकारी छत्राखालच्या ना-नफा कंपनीने तो सर्वांना खुला केला. निक्सी धोरण ठरवते आणि यंत्रणा चालवायचं काम ठेक्याने देते. २०१८ च्या फेरीत जुन्या ठेकेदाराने, म्हणजे ॲफिलियसने, नावामागे १.१० डॉलर मागितले, न्यूस्टारने ७० सेंट. काम न्यूस्टारकडे गेलं, तिथून ते गोडॅडीच्या रजिस्ट्रीकडे आणि अलीकडे टुकोजकडे आलं. इतक्या उलथापालथीत बहुतेक डॉट इनवाल्यांना पत्ताही लागला नाही. ‘ठेकेदार बदलला तर इंटरनेट कोसळेल’ हा युक्तिवाद ऐकला की मला हे आठवतं.

डॉट कॉमच्या वाढीचं गणित समजून घ्या, कारण ते आधीच कळू शकतं. २०१२ मध्ये दर ७.८५ डॉलरवर पोचला, तेव्हा अमेरिकी वाणिज्य खात्याने तो गोठवला. २०१८ मध्ये त्याच खात्याने गाठ सैल केली: सहा वर्षांच्या दर कालखंडात पहिली दोन वर्षं वाढ नाही, पुढच्या चार वर्षांत दरवर्षी ७ टक्क्यांपर्यंत मुभा. कंपनीने चारही वेळा पुरेपूर वाढ घेतली: ८.३९, ८.९७, ९.५९, १०.२६. चार वर्षांत तीस टक्क्यांवर. आत्ताच्या कालखंडात ऑक्टोबर २०२६ च्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दर वाढवता येत नाही. त्यानंतर चारही वेळा पूर्ण ७ टक्के घेतले तर २०३० च्या आसपास घाऊक दर साडेतेरा डॉलरच्या जवळ जाईल.

तुमच्या एका नावाला याचा फरक वर्षाला साठ-सत्तर रुपये. पण डॉट कॉमची नावं पंधरा कोटींच्या वर आहेत. ७ टक्के म्हणजे नावामागे सुमारे ७० सेंट, म्हणजे एका वाढीत वर्षाला दहा कोटी डॉलरहून अधिक, आणि त्यासाठी नवं काम काही नाही. कंपनीचा परिचालन नफा उत्पन्नाच्या साठ टक्क्यांहून अधिक आहे. तिची बाजूही लक्षात घ्या: डॉट कॉमचे सर्व्हर बंद पडत नाहीत, हल्ले रोजचे आहेत, आणि दोन रूट सर्व्हर ती फुकट चालवते. हे खरं आहे. पण त्यासाठी दहा डॉलर लागतात की तीन, हे निविदेशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. आणि हेही सांगायला हवं की वाढीविरुद्ध सर्वात मोठा आवाज करणाऱ्यांत हजारो नावं अडवून बसलेले व्यापारी आहेत. नाव स्वस्त राहिलं की त्यांचा साठा स्वस्तात सांभाळला जातो. दोन्हीकडच्या कैवाऱ्यांचं ऐकताना हे ध्यानात ठेवावं.

तुमच्या डॉट ऑर्गचा किस्सा आणखी वेगळा. जून २०१९ पर्यंत त्याला वर्षाला १० टक्क्यांची कमाल मर्यादा होती. आयकॅनने हरकती मागवल्या, तीन हजारांहून अधिक लोकांनी मर्यादा काढू नका असं कळवलं, आणि तरीही ती काढली गेली. पाच महिन्यांत बातमी आली की डॉट ऑर्ग चालवणारी संस्था एथॉस कॅपिटल या नव्या गुंतवणूक कंपनीला १.१३५ अब्ज डॉलरना विकली जाणार आहे. जगभरच्या स्वयंसेवी संस्था उठल्या, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी आयकॅनला पत्र लिहिलं, आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने विक्रीला नकार दिला. विक्री टळली, पण दराची मर्यादा परत आली नाही. म्हणजे तुमच्या दोन नावांपैकी डॉट कॉमला करारातली वेसण आहे, डॉट ऑर्गला नाही.

डॉट शॉप, डॉट ऑनलाइन, डॉट एक्सवायझेड यांसारख्या, आयकॅनने २०१२ मध्ये मागवलेल्या अर्जांतून आलेल्या नव्या विभागांनाही कमाल मर्यादा नाही. तिथे दोन गोष्टी बघायच्या. एक, नाव ‘प्रीमियम’ यादीतलं आहे का. असेल तर दरवर्षीचं रिन्यूअलही चढं असू शकतं, आणि ते खरेदीच्या पानावर बारीक अक्षरांत असतं. दोन, रजिस्ट्रीने रिन्यूअल दर वाढवायचा तर रजिस्ट्रारांना १८० दिवस आधी कळवावं लागतं. डॉट कॉमला ही मुदत सहा महिन्यांची आहे. या मुदतीत जुन्या दराने नूतनीकरण करता येतं, एकूण दहा वर्षांपुढचं नाही. वाढीवर सामान्य माणसाकडे असलेला सर्वात सोपा उपाय हाच. मात्र खात्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे असेल तर दहा वर्षांची फी भरणं म्हणजे त्याच्या नावावर दहा वर्षांची सोय करून देणं.

इथून ताब्याकडे वळू. नोंदणीधारक कोण, हे पैसे कोणी भरले यावर ठरत नाही. नोंदीत नाव कोणाचं आणि तिथला ईमेल कोणाच्या हातात, यावर ठरतं. यावरचा सर्वात गाजलेला खटला सेक्स डॉट कॉमचा. गॅरी क्रेमेन यांनी १९९४ मध्ये ते नाव फुकट नोंदवलं. १९९५ मध्ये स्टीफन कोहेन याने बनावट पत्र पाठवलं आणि नेटवर्क सोल्युशन्सने क्रेमेन यांना न विचारता नाव त्याच्याकडे फिरवलं. २००३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की फी दिलीच नव्हती, त्यामुळे कंपनीबरोबर करार झाला असं म्हणता येत नाही. पण डोमेन ही मालमत्ता आहे, आणि ती परस्पर दुसऱ्याला दिल्याबद्दल कंपनीला जबाबदार धरता येतं. भारतात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या बाजूने ‘रॅडिफ’ या मिळत्याजुळत्या नावाला अटकाव केला, आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेननावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण आहे हे मान्य केलं. कायदा तुमच्या बाजूने आहे. पण कोर्टात जायची वेळ येऊ न देणं शंभर पटींनी स्वस्त पडतं.

म्हणून आज एवढं बघा. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाका. रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते, स्टेटस काय, नेमसर्व्हर (नाव कुठे वळवायचं ते सांगणारे सर्व्हर) कोणाचे, हे तिथे दिसेल. नोंदणीधारकाचं नाव बहुधा झाकलेलं असेल. ‘ऑर्गनायझेशन’ या रकान्यात काही असेल तर तेवढं दिसू शकतं. झाकलेलं असेल तर वेबसाइटवाल्याला त्याच्या डॅशबोर्डमधला कॉन्टॅक्टचा स्क्रीनशॉट मागा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच. डॉट इन असेल तर नाव झाकणारी प्रायव्हसी सेवा चालत नाही, खरी माहिती द्यावी लागते.

नोंदणीधारक म्हणून संस्थेचं नाव हवं आणि ईमेल अशी हवी जी त्याच डोमेनवर नाही. हे फार लोक चुकतात. ऑफिस@आमचंनाव असा पत्ता दिला, डोमेनची मुदत संपली, की ईमेलही बंद पडते आणि रजिस्ट्रारचं रिकव्हरीचं पत्र त्याच बंद पेटीकडे जातं. मोबाइल नंबरही नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा नको. ओटीपी त्याच्याकडे जातो. ईमेल बदलल्यावर पडताळणीची लिंक येते. ती १५ दिवसांत दाबली नाही तर नाव निलंबित होऊ शकतं, आणि साइट बंद पडल्यावर लोक होस्टिंगवाल्याशी भांडत बसतात.

रजिस्ट्रार बदलायचा असेल तर क्रम महत्त्वाचा. नोंदणीधारकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलली की ६० दिवस नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. काही रजिस्ट्रार बदल करण्यापूर्वी हे कुलूप नाकारायची सोय देतात, सगळे देत नाहीत. म्हणून वेबसाइटवाला सहकार्य करत असेल तर आधी नाव तुमच्या खात्यात ट्रान्सफर करून घ्या, मग तपशील बदला. नवीन नोंदणीनंतर आणि ट्रान्सफरनंतरही ६० दिवसांची तशीच बंदी असते.

ट्रान्सफरच्या आधी डीएनएसच्या, म्हणजे नाव कुठे वळतं याच्या, सगळ्या नोंदी उतरवून घ्या. ए (साइट कुठे), एमएक्स (ईमेल कुठे), आणि टीएक्सटीमधल्या, ईमेल तुमचीच आहे हे पटवणाऱ्या, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. जुन्या रजिस्ट्रारचेच फुकट नेमसर्व्हर वापरात असतील तर नाव हलल्यावर तो ती सेवा बंद करू शकतो; साइट राहते आणि ईमेल जाते, किंवा उलटं. नेमसर्व्हर बदलणार असाल तर दोन दिवस आधी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ वापरात राहते ती मुदत, ३०० सेकंदांवर आणा. डीएनएससेक, म्हणजे या नोंदींवरची डिजिटल सही, चालू असेल तर आधी रजिस्ट्रीतली तिची डीएस नोंद काढा, तिचा टीटीएल उलटू द्या, मगच नेमसर्व्हर बदला. नाहीतर सही जुळत नाही आणि नाव काहींना उघडतं, काहींना उघडत नाही. असला दोष शोधायला दिवस जातो.

पुढचं सोपं आहे. लॉक काढा, ऑथ कोड (ट्रान्सफरचा गुप्त कोड) मागा. मागितल्यापासून पाच दिवसांत तो द्यावाच लागतो. नव्या रजिस्ट्रारकडे कोड टाकून एका वर्षाची फी भरली की मुदत एक वर्षाने वाढते. जुन्याकडे हरकतीला पाच दिवस असतात, गप्प राहिला तर नाव आपोआप हलतं. होस्टिंगचं किंवा डिझाइनचं बिल थकलं हे नकाराचं वैध कारण नाही. डोमेनचीच फी थकली असेल, फसवणुकीचा पुरावा किंवा कोर्टाचा आदेश असेल, अशा मोजक्याच कारणांसाठी रजिस्ट्रार नाही म्हणू शकतो. कोड अडवून धरला तर आयकॅनच्या कॉम्प्लायन्स विभागाकडे तक्रार करा. ही तक्रार रजिस्ट्रारविरुद्ध होते, रिसेलरविरुद्ध नाही. त्यामुळे रजिस्ट्रारचं नाव लुकअपमधून टिपून ठेवा आणि आधी त्याला लेखी कळवा. डॉट इनसाठी हीच दाद निक्सीकडे मागायची.

वेळही नीट निवडा. मुदत संपल्यावर जुन्याकडे रिन्यू केलं आणि लगेच ट्रान्सफर केलं तर ४५ दिवसांच्या आत रजिस्ट्री ते वाढीव वर्ष रद्द करते, पैसे जुन्या रजिस्ट्रारला परत जातात आणि तुमचे बुडतात. मुदतीच्या महिनाभर आधी हलवा, नाहीतर रिन्यूअलनंतर दोन महिने थांबा.

मुदत चुकलीच तर डॉट कॉममध्ये साधारण असं होतं: ४५ दिवसांपर्यंत रजिस्ट्रार नेहमीच्या दराने परत देऊ शकतो, पण तेवढे पूर्ण दिवस द्यायला तो बांधील नाही, बरेच जण महिनाभरात नाव लिलावात टाकतात. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, म्हणजे जादा फी भरून नाव सोडवायची मुदत. इथे रजिस्ट्रीच ४० डॉलर घेते, रजिस्ट्रार वर आपले लावतो, आणि बिल आठ-दहा हजारांवर जाऊ शकतं. नंतर पाच दिवस नाव कोणालाच हलवता येत नाही, आणि सहाव्या दिवशी सेकंदाच्या आत कोणाचं तरी यंत्र ते उचलतं.

वेबसाइटवाल्याने स्वतःच्या नावावर नोंदणी केली असेल आणि तो देणारच नसेल, तर यूडीआरपी किंवा डॉट इनसाठी आयएनडीआरपी हा लवादाचा मार्ग आहे. पण तिथे ट्रेडमार्कमधला हक्क आणि समोरच्याचा दुष्ट हेतू दोन्ही सिद्ध करावे लागतात, आणि वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादासमोर पाच नावांपर्यंतच्या तक्रारीची फी १५०० डॉलर आहे. बिलाच्या नुसत्या वादात लवाद सहसा पडत नाही. तुमच्यापाशी ‘अमुक नाव संस्थेसाठी नोंदवले’ असं लिहिलेलं बिल किंवा ईमेल असेल तर ती आत्ताच जपून ठेवा. वकिलाची नोटीस त्या एका कागदावर उभी राहते. नसेल तर या रिन्यूअलच्या बिलावर डोमेनचं नाव आणि नोंदणीधारक म्हणून संस्थेचं नाव लिहून घ्या, आणि ते हातात आल्यावरच पंधराशे द्या.